पॉइंट पाहून झाले, डोंगर राहिला

वेस्ट इंडीज हे नाव आमच्या पिढीने भूगोलाच्या तासाआधी रेडिओवर ऐकले. १९७१ साली सुनील गावसकरने तिथे चार कसोटी सामन्यांत ७७४ धावा काढल्या आणि पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाऊन ही नावे अकोल्या-अमरावतीच्या पानठेल्यांवर मूर्तिजापूर-बडनेऱ्याइतकी सवयीची झाली. ती बेटे कशी असतील याविषयीची आमची कल्पना मात्र मोघमच होती. निळा समुद्र, पांढरी वाळू, नारळाची झाडे आणि अंगावर येणारे वेगवान गोलंदाज. त्यातला समुद्र तेवढा मनात घर करून राहिला. वऱ्हाडी माणसाला समुद्राचे वेड असतेच. अकोल्याहून मुंबई साडेपाचशे किलोमीटरहून अधिक दूर. त्यामुळे आमच्याकडच्या कित्येकांनी समुद्र पाहिला तो लग्नानंतर, नाही तर मुलाला मुंबईत नोकरी लागली तेव्हा. आता दिवाळीनंतर कापसाचा पैसा हाती आला (आणि भाव बरा मिळाला, हे ओघाने आलेच) की दर्यापूर-तेल्हाऱ्याकडची मंडळी थेट गोवा-मालवण गाठतात. तारकर्लीला डोळ्यांवर काच चढवून, तोंडात नळी धरून दहा-पंधरा मिनिटे पाण्याखालचे मासे बघतात आणि त्याची चित्रफीत पुढे महिनाभर गावात फिरते. त्यात गैर काही नाही. पाहावेच.

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेत ह्युस्टनला असतो. त्याला पाण्यात बुड्या मारायचा छंद लागला आहे. मागे अकोटला एका लग्नाला आला होता, तेव्हा जेवणाच्या पंगती उठेपर्यंत त्याने मला फोनवर कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाची चित्रे दाखविली. बेटाचे नाव बोनेर. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचे हे लहानसे बेट डच लोकांच्या ताब्यातले आणि २०१० पासून तर नेदरलँड्सचाच एक भाग म्हणून गणले जाणारे. मला वाटले, आता नारळीच्या बागा दिसणार. दिसले ते निवडुंग, काटेरी झुडपे, मोकाट गाढवे आणि मिठाचे पांढरे ढीग. पाऊस आपल्याहूनही कमी. पुतण्या म्हणाला, "काका, वरून पाह्यलं तर आपल्या दहीहांड्याकडचं रानच वाटते. पाण्यात उतरलं का मंग समजते."

दहीहांड्याचे नाव त्याने सहज घेतले, पण ते नेमके होते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आपला खारपाणपट्टा. इथल्या विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून एकेकाळी दहीहांडा परिसरात मीठ काढीत असत. बोनेरवरही मीठच पिकते. तिथल्या मिठागरांत गुलामांना राबविले जाई. ज्यात माणसाला वाकूनच शिरावे लागते अशा त्यांच्या बुटक्या दगडी खोपट्या किनाऱ्यावर अजून जपून ठेवल्या आहेत. १८६३ साली डचांनी गुलामगिरी बंद केली. आज त्याच मिठागरांच्या शेजारी रोहित पक्ष्यांसाठी राखीव जागा आहे, आणि पर्यटक दोन्ही पाहतात.

पण खरी गोष्ट पाण्याखालची. बोनेरच्या किनाऱ्याला लागूनच प्रवाळाची रांग आहे. होडीची गरज नाही, रस्त्यावर गाडी उभी करायची आणि चालत पाण्यात उतरायचे. प्रत्येक जागेचे नाव लिहिलेला पिवळा दगड रस्त्याच्या कडेला असतो. आपल्याकडच्या मैलाच्या दगडासारखा. इतकी सोपी वाट असती तर आपण काय केले असते याची कल्पना करून पाहा. तिथे त्यांनी आधी बंधने घातली आणि मग पाहुण्यांना बोलावले. १९७१ मध्ये भाल्याने मासे मारण्यास बंदी, १९७५ मध्ये प्रवाळ तोडण्यास बंदी, आणि १९७९ मध्ये बेटाभोवतीचे, साठ मीटर खोलीपर्यंतचे सगळे पाणी सागरी उद्यान म्हणून राखीव. त्या पाण्यात होडीने नांगर टाकायचा नाही. 'नांगर' या शब्दाची गंमत पाहा. आपल्याकडे तो जमिनीत घातला की पीक येते. तिकडे समुद्रात टाकला की शेकडो वर्षांत वाढलेले प्रवाळ एका ओढीत मोडते. म्हणून त्यांनी तळाशी कायमचे खुंटे ठोकून वर तरंगती पिंपे सोडली. होडी त्यालाच बांधायची. नव्या पाहुण्याला आधी नियम समजावून सांगतात, मग पाण्याशी ओळख म्हणून एक बुडी घ्यायला लावतात, त्यानंतरच त्याला मोकळे सोडतात. आणि १९९२ पासून प्रत्येक बुडी मारणाऱ्याकडून शुल्क. तेव्हा ते दहा डॉलर होते, पुढे बरेच वाढले. हे उद्यान सांभाळणारी स्टिनापा नावाची संस्था त्या पैशातून माणसे ठेवते, गस्त घालते, पिंपांच्या दोऱ्या बदलते.

हे सगळे करूनही २०२३ मध्ये प्रवाळाला मारणारा एक रोग तिथे पोहोचलाच. नियम केले म्हणजे संकट टळते असे नाही. मात्र रोग दिसताच त्यांनी काही जागा बुड्या मारण्यासाठी बंद ठेवल्या, आणि ज्या बेटाचे पोट पर्यटनावर चालते तिथे हा निर्णय घेणे सोपे नसते.

एवढे पुराण सांगण्याचे कारण आपला चिखलदरा.

विदर्भातले हे एकुलते एक थंड हवेचे ठिकाण. उंची सुमारे अकराशे मीटर. १८२३ साली हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस ते पडले असे सांगतात. म्हणजे गोऱ्या साहेबाच्या नजरेस. कोरकूंना, गवळ्यांना आणि गाविलगडाच्या किल्लेदारांना ते आधीपासून माहीत होतेच. शेजारचा गाविलगड बहमनी काळातला. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने तो घेतला, आणि त्या लढाईने वऱ्हाडाचे नशीब फिरले. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले ती कीचकदरा, आणि हात धुतले ते भीमकुंड, ही कथा आमच्या आजीला तोंडपाठ होती. कॉफीची झाडे आहेत, मोझरी पॉइंट आहे, पंचबोल आहे, जिथे हाक मारली की दरी उत्तर देते. देवी पॉइंटच्या गुहेत खडकातून बारा महिने पाणी ठिबकते. एखाद्या ठिकाणाला निसर्गाने आणखी काय द्यायचे राहिले आहे?

आता श्रावणातल्या एखाद्या रविवारी तिथे जाऊन पाहा. परतवाडा सोडले की घाटात मोटारींची रांग लागते. प्रत्येक वळणावर एक गाडी आडवी लावलेली, तिच्यातून मोठमोठ्याने गाणी, पुढे चार तरुण उघड्या अंगाने धबधब्याखाली. पंचबोलला दरीच्या उत्तरापेक्षा भोंग्यांचाच आवाज जास्त. भाजलेल्या कणसांच्या दांड्या, चिवड्याच्या पिशव्या, बाटल्या. माकडांना बिस्किटे चारणे हे तर पुण्यकर्मच झाले आहे, आणि मग तीच माकडे हातातली पिशवी ओढतात म्हणून ओरड. दर पावसाळ्यात कोणत्या तरी कुंडात, कोणत्या तरी कड्यावरून, फोटो काढता काढता एखादा पोरगा जातो. दुसऱ्या दिवशी बातमी येते, तिसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून पगारी जीवरक्षक उभे असतात. आपल्या कुंडांपाशी 'पुढे जाऊ नये' अशी पाटी असते, आणि फोटो काढायला लोक त्या पाटीलाच टेकून उभे राहतात.

यावर कोणी म्हणेल, गर्दी कोठे होत नाही? लोणावळ्याला होत नाही का? होते. पण लोणावळा आणि चिखलदरा यांत एक फरक आहे, आणि हा लेख लिहायला बसलो तो त्या फरकासाठी.

मी खारपाणपट्ट्यातल्या एका गावचा. ज्यांनी हे पाणी प्यायलेले नाही त्यांना ते सांगून कळणार नाही. विहिरीला पाणी भरपूर, पण त्यात तुरीची डाळ तासन् तास शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. पाहुणा आला की चहासाठी पाणी कोठून आणायचे हा पहिला प्रश्न. मुतखड्याचा आजार घराघरांत, आणि मूत्रपिंडे निकामी झालेली माणसे गावोगाव. या पट्ट्यात मुलगी द्यायला लोक कचरत, हे मी माझ्या घरात ऐकले आहे. आमच्याकडे पाण्याच्या दोनच जाती, खारं आणि गोडं. गोडं पाणी म्हणजे चवीला गोड नव्हे, पिता येईल ते.

हे गोडं पाणी आज आमच्या गावांना येते कोठून? वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्याकडच्या चौऱ्याऐंशी खेड्यांची योजना झाली. शहानूर धरणावरून अंजनगाव-दर्यापूरकडच्या गावांना नळ आले. वान, शहानूर, चंद्रभागा या नद्या मेळघाटाच्या डोंगरातून उगम पावून दक्षिणेला, आमच्याकडे उतरतात आणि पूर्णेला मिळतात. सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या त्याच डोंगररांगेच्या पलीकडून तापीकडे जातात. म्हणजे गाविलगडची ही रांग वऱ्हाडाच्या उशाला ठेवलेला पाण्याचा रांजणच आहे. रांजणाची माती म्हणजे तिथले जंगल. सागाच्या, बांबूच्या, गवताच्या मुळांनी पावसाचे पाणी धरून ठेवले तर ते नदीला पुढे बराच काळ पुरते. जंगल विरळ झाले की तेच पाणी चार दिवसांत लोंढा होऊन जाते आणि धरणात गाळ आणून टाकते.

चिखलदऱ्याला बंगला बांधणाऱ्याला, हॉटेल काढणाऱ्याला, रविवारी भजी खायला जाणाऱ्याला तो डोंगर एक देखावा आहे. दर्यापूरच्या बाईसाठी तो तिच्या हंड्याचा उगम आहे. लोणावळा आणि चिखलदरा यांतला फरक तो हा.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, आणि ती अधिक लाजिरवाणी. विदर्भात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या जागांत चिखलदऱ्याची गणना होते. असे असूनही उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या गावांना टँकर लावावे लागतात. टँकरचे पाणी कोरड्या विहिरीत सोडतात आणि ते शेंदायला बाया-पोरांची झुंबड उडते. त्याची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. काळ्या खडकाचा उतार आहे, पाणी थांबत नाही, हे खरे. पण त्याच मे महिन्यात, त्याच डोंगरावर, विश्रामगृहांच्या न्हाणीघरांत आपण पाहुणे मंडळी दोन-दोन वेळा आंघोळ करीत असतो. हे कसे काय जमते, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजण विचारतात?

कोरकूंच्या वाट्याला पर्यटनाचे काय आले, तेही बघू. १९९३ मध्ये बालमृत्यूंच्या बातम्यांनी मेळघाटचे नाव देशभर झाले. त्याआधी १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटची निवड झाली होती. वाघाला निवांत जागा हवी म्हणून पुढे जंगलाच्या आतली गावे उठविण्याचे ठरले. बोरी, कोहा, कुंड ही पहिल्या तुकडीतली, नंतर आणखी कितीतरी. काही कुटुंबांचे बरे झाले, काहींच्या तक्रारी अजून मिटलेल्या नाहीत. व्याघ्रप्रकल्पाला माझा विरोध नाही. मेळघाटचे जंगल टिकले ते बव्हंशी त्याच्यामुळेच. पण ज्या निवांतपणासाठी कोरकूने आपले देव, आपली मुठव्याची जागा आणि बापजाद्यांची शेते सोडली, त्या निवांतपणात आपण शनिवार-रविवार भोंगे वाजवीत शिरायचे, याला न्याय म्हणत नाहीत. सेमाडोहला एक कोरकू वाटाड्या मला म्हणाला होता, "साहेब, तुमी लोक जंगल पाहाले येता आन् फकत वाघच मागता." मेळघाट डोंगराळ, दाट. ताडोब्यासारखा इथे वाघ सहजी दिसत नाही. मग 'काहीच दिसलं नाही' म्हणत लोक परततात. अस्वल, रानगवा, सिपनेचे पात्र, रानपिंगळा, यातले काहीच त्यांच्या हिशेबात नसते.

आणि हिशेबात भर घालायला काचेचा पूल. सिडकोने गोराघाट आणि हरिकेन पॉइंट यांच्यामध्ये दरीवरून ४०७ मीटर लांबीचा स्काय वॉक हाती घेतला, तेव्हापासून आमच्या भागात त्याची कौतुके चालली आहेत. परवानग्यांत काम अडकले तेव्हा तर विदर्भावर नेहमीसारखा अन्याय झाला अशीही ओरड झाली. अनुशेषाच्या लढाईत मीही मोर्च्यांत चाललो आहे, त्यामुळे हा सूर मला परका नाही. पुलाने चार पोरांना काम मिळेल हेही मला मान्य आहे. माझा प्रश्न साधा आहे. पूल पाहायला जी माणसे येतील त्यांना प्यायला, धुवायला आणि न्हायला पाणी कोणाच्या वाट्यातले देणार? त्यांचा कचरा घाटातून खाली कोण आणणार? हे आधी ठरले असेल तर पूल खुशाल होऊ द्या. बोनेरच्या लोकांनी आधी खुंटे ठोकले, मग होड्या बोलाविल्या. आपण आधी होड्या बोलावतो आणि नंतर खुंट्यांसाठी समिती नेमतो.

लोणारचेच पाहा. उल्केच्या आघाताने काळ्या खडकात झालेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर, त्यात खारे, अल्कधर्मी पाणी. जगात अशी ठिकाणे फार थोडी. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा आपल्याला त्याची आठवण झाली. खारे पाणी आवडणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संस्थेने सांगितले. त्याच वर्षी ते रामसर यादीत गेले. सरोवराची दखल घ्यायला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठालाही पुढे यावे लागले होते. नरनाळ्याविषयी तर बोलायलाच नको. महाकाली दरवाजासारखे कोरीव काम, वर तळी, खाली शहानूरचे जंगल, आणि अकोला शहरातल्या निम्म्या लोकांनी तो किल्ला पाहिलेला नाही. एका अर्थी बरेच आहे म्हणा.

धूळघाटचा चक्राकार रुळही याच डोंगरातला. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी तिथे स्वतःच्याच रुळावरून वळसा घालून वर चढे. रुंदीकरणासाठी नवा मार्ग जंगलातून नेऊ नये म्हणून भांडण झाले तेव्हा आमच्याकडचे पुष्कळ लोक जंगलाच्या बाजूने बोलले. वऱ्हाडात ही जाण अजिबात नाही असे म्हणणे म्हणूनच खोटे ठरेल. ती रविवारी घरी ठेवून आपण घाट चढतो, एवढेच.

करायचे काय, हे मला जे सुचते ते सांगतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी खासगी मोटारी परतवाड्यालाच थांबवाव्यात. वर एसटीच्या गाड्या सोडाव्यात, दर पंधरा मिनिटांनी. परतवाड्याच्या बाजारालाही त्याने चार पैसे मिळतील. रोज किती माणसे वर जाणार याचा आकडा ठरवावा आणि तो उन्हाळ्यात डोंगरावर पाणी किती उरते यावरून ठरवावा, हॉटेलांत खाटा किती यावरून नव्हे. नाक्यावर आजही आपण पैसे देतो. त्या पावतीच्या मागे गेल्या वर्षी किती पैसा जमला आणि तो कोठे गेला हे छापावे. त्यातला ठरलेला हिस्सा त्याच तालुक्यातल्या कोरड्या विहिरींच्या गावांना, बंधाऱ्यांना आणि कचरा खाली आणण्याला द्यावा. प्रत्येक कुंडापाशी पोहता येणारी, पगारी, गणवेशातली दोन-दोन कोरकू मुले उभी करावीत, आणि त्यांनी शिट्टी वाजविली की मागे फिरायचे हा नियम जिल्हाधिकाऱ्याच्या पाहुण्यालाही लागू असावा. मे महिन्यात गरज पडली तर एखादे ठिकाण सरळ बंद ठेवावे. बोनेरने ठेवलेच ना?

शाळांच्या सहलींसाठी वेगळी वाट काढता येईल. दर्यापूर-अकोटच्या शाळांनी मुलांना चिखलदऱ्याचे पॉइंट दाखविण्याआधी वान धरणाच्या भिंतीवर उभे करावे, आणि मग नदीच्या कडेने जितके वर जाता येईल तितके न्यावे. मी शिक्षक असताना दोनदा हे केले. मुले कंटाळतील असे वाटले होते. घरी नळाला येते तेच हे पाणी, एवढे सांगितल्यावर ती ओंजळीने पिऊन बघायला लागली.

मोटारी खाली थांबवायच्या म्हटल्यावर वरची हॉटेलवाली मंडळी रागावतील, हे मी जाणून आहे. त्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, कारण कर्ज त्यांनी काढले आहे. आठवड्याची गर्दी दोन दिवसांत कोंबण्याऐवजी सात दिवसांत पसरली तर त्यांचाही धंदा बसत नाही, असा माझा हिशेब आहे. तो हिशेब घेऊन मी त्यांच्याकडे बसायला तयार आहे. त्यांतले दोघे माझे विद्यार्थीच आहेत, आणि गणितात ते कच्चे नव्हते.